कुस्त्या लावणारे

१ जानेवारी २०२० रोजी ‘डब्ल्यूडब्ल्यूई टू-के ट्वेंटी’ हा व्हिडिओ गेम चालेनासा झाला. ऑक्टोबर २०१९मध्ये तो बाजारात आला होता, म्हणजे अजून अंगाची हळदही उतरली नव्हती. नावातच वीस साल मिरवणाऱ्या या खेळाला प्रत्यक्ष वीस साल उजाडलेलं सोसलं नाही. सुरू केला की मिटायचा. कंपनीची दुरुस्ती येईपर्यंत लोकांनी आपला उपाय शोधला : यंत्राचं घड्याळ मागे फिरवून २०१९ करायचं, की गाडी सुरू.

त्याच दिवशी जी मंडळी प्लेस्टेशन टूवर २००३ सालचा ‘स्मॅकडाउन : हिअर कम्स द पेन’ लावून बसली असतील, त्यांना या भानगडीचा पत्ताही लागला नसेल. त्या यंत्रांमधली घड्याळाची बॅटरी बहुतेक ठिकाणी केव्हाच संपलेली असते, तारीख भलतीच दिसते आणि खेळाला तिच्याशी काही देणंघेणं नसतं. पैलवान ब्रॉक लेस्नर त्यात कायमचा सव्वीस वर्षांचा आहे.

हे पुस्तक अशा जुन्या कुस्ती-खेळांबद्दल आहे, आणि नवं काहीही आलं तरी ते न सोडणाऱ्या माणसांबद्दल. विषय सांगितला की समोरचा लगेच म्हणतो, ‘बालपणीच्या आठवणी, दुसरं काय?’ हे उत्तर मला आळशी वाटतं. आठवणींनी माणूस जुना खेळ एकदा लावतो, अर्धा तास हसतो आणि ठेवून देतो. वीस-वीस वर्षं त्याच खेळात नवे पैलवान घालत बसायला आठवण पुरत नाही. शिवाय आज हे खेळ खेळणाऱ्यांत २००३ नंतर जन्मलेली पोरं भरपूर आहेत. त्यांना कसली आठवण यायची?

मी गोरखपूरचा. मठ असलेलं, उत्तर प्रदेशातलं गोरखपूर वेगळं; आमचं गोरखपूर म्हणजे जबलपूरमधली वस्ती, बाजार आणि त्याच्या मागच्या गल्ल्या. नागपूरकर भोसल्यांचा इथला अंमल १८१७मध्ये संपला, पण मराठी घरं त्यानंतरही येत राहिली. कोणी रेल्वेत, कोणी १९०४ साली सुरू झालेल्या तोफगाडी कारखान्यात, कोणी पुढे खमरियाला, कोणी रामपूरला वीज मंडळात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण रंगात आलं की दोन्हींची मिसळ. जवळच हाऊबाग स्टेशन होतं. तिथून छोटी लाइन नैनपूरवरून गोंदियाकडे जायची. २०१५मध्ये ती बंद झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या गाडीने मामेभाऊ-मावसभाऊ यायचे, आणि त्यांच्या खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफची, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईची, ट्रम्प कार्डं असायची.

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्या कार्डांवर आहे आणि ते तिथे मुद्दाम ठेवलं आहे. कुस्तीचं गणित आमच्या पिढीने पहिल्यांदा पाहिलं ते कार्डांवर. वर पैलवानाचा फोटो, खाली रकाने : रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. पत्ते वाटायचे, एकाने रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता न्यायचा. रँकमध्ये तेवढा लहान आकडा मोठा. ज्या संचात जायंट गोंझालेस असे तिथे ‘उंची’ पुकारली की प्रश्नच मिटला. कंपनी त्याची उंची आठ फूट सांगत असे. या आकड्यांवर आमची आंधळी श्रद्धा होती. एकाच पैलवानाच्या ‘जिंकलेल्या कुस्त्या’ दोन वेगळ्या संचांत वेगळ्या निघायच्या, तेव्हा आमच्यातला प्रत्येक जण आपला संच खरा म्हणून हमरीतुमरीवर यायचा. दोन्ही आकडे कोणीतरी टेबलाशी बसून ठोकून दिले असतील, ही शंका कोणाच्या मनाला शिवली नाही.

शंका येऊ नये याची व्यवस्थाही चोख होती. अंडरटेकर नावाचा पैलवान सात वेळा मरून परत आला, हे आमच्याकडे भूगोलातल्या नद्यांइतकं पक्कं होतं. १९९४च्या समरस्लॅम या कार्यक्रमात दोन अंडरटेकर समोरासमोर उभे राहिले होते. त्यातला बनावट होता ब्रायन ली. हाच ब्रायन ली १९९६मध्ये ‘खिलाडियों का खिलाडी’त अंडरटेकर म्हणून अक्षय कुमारशी लढला, आणि आम्ही पोरांनी तो खराच धरला. खऱ्याचा खोटा, खोट्याचा पुन्हा सिनेमातला खरा. इतकं गुंतागुंतीचं नाटक पाहिलेल्या पिढीला पुढे नाटकाचं वावडं राहिलं नाही, यात नवल नाही.

घरातल्या थोरांचं मत सोपं होतं. आजोबा टीव्हीकडे पाठ करून म्हणायचे, ‘नुरा कुस्ती आहे रे ती, काय बघता!’ मग स्वतःच दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांवर घसरायचे. १९६८मध्ये मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला कसं पाडलं, हे ते जणू आखाड्याच्या काठावर बसून पाहिल्यासारखं सांगायचे. ‘आजोबा, ती नुरा नव्हती का?’ असं विचारलं की त्यांना चहाची आठवण व्हायची. फ्रीस्टाइल म्हणून जी कुस्ती आपल्याकडे त्या काळात स्टेडियम भरवायची, तिचा आणि टीव्हीवरच्या कुस्तीचा गोत्रसंबंध त्यांना ठाऊक नव्हता असं मला वाटत नाही. प्रेक्षक अर्धं जाणून आणि अर्धं न जाणून बसतो. ती बैठक आमच्याकडे केबल टीव्हीच्या कितीतरी आधीपासून होती.

गंमत अशी की आमच्या गल्लीत कार्डांवरून मारामाऱ्या चालल्या होत्या त्याच्या बऱ्याच आधी, १९८९मध्येच, डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला कार्यक्रम म्हणजे करमणूक आहे, क्रीडास्पर्धा नव्हे, असं मान्य करून टाकलं होतं. खेळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचे नियम आणि त्यांची पट्टी चुकवायची होती, एवढाच त्यामागचा धर्म. निकाल आधी ठरलेला असतो हे मालकानेच सरकारदरबारी सांगितलं. गोरखपूरपर्यंत ती बातमी यायला दहा-बारा वर्षं लागली.

आली तेव्हा काय झालं? लोकांना वाटतं, गुपित फुटलं की चाहता उठून जातो. काही गेलेही. पण जे उरले त्यांचा प्रश्न बदलला. ‘कोण जिंकणार?’ याऐवजी ‘कोणाला जिंकवायला हवं होतं?’ असं ते विचारू लागले. माझ्या मते या सगळ्या निष्ठेची मुळी इथे आहे, आणि हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नाचंच आहे.

महाराष्ट्रातल्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान पाहिलेल्याला हा प्रश्न नवा वाटणार नाही. गावचे जाणते पंच पोरांना जवळ बोलावतात, अंगापिंडाचा अंदाज घेतात, हाताला हात लावून पाहतात आणि जोड लावतात. सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी, मग वाढत्या इनामाच्या, आणि ऊन कलल्यावर शेवटची मोठी. जोड चुकली तर कुस्ती चार सेकंदांत संपते किंवा तासभर नुसती खडाखडी चालते आणि लोक ओरडायला लागतात. तिथे निकाल पैलवानाच्या हातात असतो, इथे अमेरिकी तमाशात तो लेखकाच्या हातात, हा फरक मोठा आहेच. पण लहानापासून मोठ्यापर्यंत माळ ओवणं, लोकांची भूक वाढवत नेणं, कालच्या हरलेल्याला आज कोणापुढे उभा करायचा हे ठरवणं, ही कारागिरी दोन्हीकडे तीच. ती कारागिरी घरबसल्या करून पाहायला मिळावी अशी इच्छा अनेकांच्या मनात होती. ती पहिल्यांदा नीट पुरी केली ॲडम रायलंड नावाच्या एका इंग्रजाने.

त्याच्या खेळाचं नाव ‘एक्स्ट्रीम वॉरफेअर रिव्हेंज’. २००२-०३च्या सुमाराचा, फुकट वाटलेला. खेळणारे त्याला ईडब्ल्यूआर म्हणतात. पडद्यावर राखाडी खिडक्या, याद्या आणि बटणं. सबंध खेळात एकही माणूस हलत नाही. प्रत्येक पैलवानाचे आकडे असतात : मारामारी, वेग, तंत्र, मार खाल्ल्याचं सोंग वठवण्याची हातोटी, लोकप्रियता, करिष्मा, आणि शिवाय वृत्ती व वागणूक. ट्रम्प कार्डाशेजारी ही यादी ठेवून पाहा. उंची गेली, छाती गेली, दंड गेले. ‘जिंकलेल्या कुस्त्या’ हा रकानाच उडाला, कारण जिंकणं ही पैलवानाची कमाई नाही हे या खेळाला माहीत आहे. त्याजागी ‘हा माणूस कामावर वेळेत येईल का’ असा रकाना आला. लहानपण संपल्याचा याहून चोख दाखला मी पाहिलेला नाही.

खेळ चालतो तो असा. तुम्ही एका कुस्ती-कंपनीचे कारभारी. दर आठवड्याला कार्यक्रमाची यादी भरायची : पहिली लढत कोणाची, मधे कोण माइकवर बोलणार, शेवटी कोण कोणाला पाडणार. यादी भरून बटण दाबलं की ओळी उमटतात आणि प्रत्येक लढतीला टक्क्यांत गुण मिळतात. समजा, तुमचा सगळ्यात लाडका गडी लोकप्रियतेत शहात्तरवर आहे आणि नवखा पोरगा चोपन्नवर. नवख्याला वर आणायचा तर शहात्तरवाल्याला त्याच्यापुढे पडावं लागणार. पाडलं तर त्याची किंमत घसरते, तो कुरकुरतो. न पाडावं तर नवखा तिथेच कुजतो आणि सहा महिन्यांनी तुमच्याकडे वर काढायला कोणी उरत नाही. तोवर खेळातल्या टपालात चिठ्ठी येते की अमुक पैलवान जायबंदी, तमुक जण करार संपवून समोरच्या कंपनीत गेला. म्हणजे मुख्य लढत पुन्हा लावा.

मी हा खेळ सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर घरी आणला. आकाराने किरकोळ होता, घरातल्या थकल्या कॉम्प्युटरवर तक्रार न करता चालायचा. कुस्त्यांचा हिशोब मात्र वहीत ठेवायचो, कारण जबलपूरच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसे. वही दोनशे पानी, शाळेचीच. मागच्या बाजूने सुरू केलेली. डाव्या पानावर पट्टा कोणाकडे, केव्हापासून. उजव्या पानावर कोणाचं कोणाशी वैर आणि ते कुठवर आलं आहे. आईला वाटायचं अभ्यास चाललाय. तसा तो होताही. माणसांना त्यांच्या आकड्यांपलीकडे कसं वापरायचं आणि आकडे विसरले तर काय होतं, हे दोन्ही मला त्या वहीने शाळेपेक्षा लवकर शिकवलं.

रायलंडने पुढे याच वळणाचे मोठे, विकतचे खेळ काढले. ‘टोटल एक्स्ट्रीम’ या नावाची मालिका २००४पासून सुरू झाली. बाजारातल्या त्या खेळांत खऱ्या पैलवानांऐवजी त्याने स्वतः रचलेलं काल्पनिक कुस्तीविश्व आलं. ते खेळ सरस आहेत, हे मान्य केलं पाहिजे. बारकावे कितीतरी जास्त, माणसांचे परस्परांतले संबंध, प्रांताप्रांतातली लोकप्रियता, सगळं आहे. तरीही बरेच जण ईडब्ल्यूआरकडे परत येतात. कारण विचारलं तर उत्तर एकच : जुन्यात एक आठवडा दहा मिनिटांत लावून होतो, नव्यात संध्याकाळ जाते. माणसाच्या आयुष्यात नोकरी, पोरंबाळं आली की दहा मिनिटांची किंमत कळते. शिवाय रायलंडने खेळासोबत एडिटरही दिला होता. कोणीही नवा पैलवान घालावा, जुना काढावा, आकडे दुरुस्त करावेत. चाहत्यांनी पुढे वर्षानुवर्षं महिन्याच्या महिन्याला ताज्या याद्या तयार करून वाटल्या. रायलंडने त्यावरचं काम थांबवलं त्यानंतरही खेळ चालू महिन्यात राहिला, तो या बिनपगारी कारकुनांमुळे.

आता ‘स्मॅकडाउन पेन’कडे, म्हणजे सुरुवातीच्या ‘हिअर कम्स द पेन’कडे येतो. आमच्या भागात हेच नाव चालायचं. पूर्ण इंग्रजी नाव घेणारा पोरगा आगाऊ समजला जायचा. जपानच्या युक्स कंपनीने बनवलेला, टीएचक्यूने ऑक्टोबर २००३मध्ये बाजारात आणलेला. इथे हातघाईची कुस्ती आहे, बटणं दाबायची आहेत. घरी प्लेस्टेशन टू असणं ही श्रीमंती. बाकीचे तासावर पैसे मोजून दुकानात खेळायचे. चिप टाकलेलं यंत्र, मार्करने नाव लिहिलेल्या डीव्हीडी, ज्यांना सगळे सीडीच म्हणायचे, आणि कंट्रोलरला ‘रिमोट’. लेन्स दमली की सीडी वाचली जात नसे. मग यंत्र आडवं, उभं, कधी चक्क उलटं ठेवून पाहायचं. उलटं ठेवल्यावर चालू झालेलं यंत्र मग महिनोन्महिने तसंच राहायचं आणि नवीन गिऱ्हाईक बिचकायचं.

या खेळाचं मर्म त्याच्या गतीत आणि चार भागांत आहे. कोपऱ्यात माणसाची छोटी आकृती : डोकं, धड, हात, पाय. ज्या भागावर मार बसेल तो रंग बदलत लालीकडे जातो. म्हणजे समोरच्याचा पाय आधी निकामी करायचा आणि शेवटी पायाचाच पेच घालायचा, हा विचार खेळणाऱ्याला करावा लागतो. नुसती बटणं बडवणारा हरतो. पकडी चार तऱ्हेच्या, चार दिशांना. प्रतिडाव वेळेवर दाबला की हवा तितक्यांदा निघतो. दोन तरबेज गडी बसले की एकमेकांचे डाव उलटवत उलटवत असा काही फेर धरतात की मागे उभे असलेले आपला तास सुरू झाल्याचं विसरतात. पुढे २०१५मध्ये आलेल्या ‘टू-के सिक्स्टीन’ने प्रतिडाव मोजून द्यायला सुरुवात केली. इतके वापरा, मग भरेपर्यंत थांबा. त्यामागे विचार होता : टीव्हीवरच्या लढतीतले चढ-उतार खेळातही यावेत. वास्तवाच्या जवळ गेलं हे खरंच. पण वास्तव म्हणजे काय, तर आधीच लिहून ठेवलेली लढत! लिहिलेल्या लढतीशी प्रामाणिक राहण्यासाठी खेळणाऱ्याचे हात बांधायचे, हा सौदा जुन्या गड्यांना पटला नाही. मलाही पटत नाही.

आणखी एक गोष्ट. या खेळात लढत चालू असताना समालोचन नाही. आधीच्या भागात होतं, ते लोकांना आवडलं नाही म्हणून काढून टाकलं; लढतीत नुसतं संगीत वाजतं. हा दोष म्हणून नोंदवला गेला, पण दुकानातल्या बाकावर त्याचं सोनं झालं. समालोचन आम्ही करायचो. हिंदीत, मराठीत, क्रिकेटच्या सुरात, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात. नव्या खेळांत समालोचक इतके बोलतात की माणसाला तोंड उघडायला जागा नाही.

हे फक्त आमच्याकडचं वेड आहे असं समजू नये. अमेरिकेत निन्टेंडो सिक्स्टी-फोरवरचा ‘नो मर्सी’ (२०००) अजून चालतो. त्याच्या पहिल्या काही कार्ट्रिजांत साठवलेली सगळी माहिती आपोआप पुसली जायची, तरी चालतो. जपानची ‘फायर प्रो रेसलिंग’ ही मालिका १९८९पासूनची. तिचे भक्त तर रिमोटला हातही लावत नाहीत. आपण घडवलेल्या दोन पैलवानांचा स्वभाव टक्क्याटक्क्यांनी भरायचा, त्यांना आपापले लढू द्यायचं आणि आपण नुसतं बघत बसायचं. ईडब्ल्यूआरवाल्यांचे हे सख्खे चुलतभाऊ.

मग ती नवी पोरं, ज्यांचा मी वर उल्लेख केला. २०१२च्या शेवटी पीपीएसएसपीपी नावाचा एम्युलेटर आला आणि सोनीच्या हातातल्या पीएसपी यंत्राचे खेळ साध्या अँड्रॉइड फोनवर चालू लागले. २०१६मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं. ‘स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २०११’ हा पीएसपीवरचा खेळ तेव्हापासून कटंग्याच्या बसथांब्यापासून नर्मदेच्या ग्वारीघाटापर्यंत कुठेही कोणाच्याही हातात दिसू शकतो. त्यांच्या निष्ठेत भावुकपणा औषधालाही नाही. नव्या खेळाला भरमसाट जागा आणि भारी यंत्र लागतं, वर काही हजार रुपये. हा त्यांच्या फोनवर बसतो. पण एकदा हाताला बसल्यावर त्यांनीही आमच्यासारखंच केलं. त्यात रोमन रेन्स घातला, पोशाख बदलले, नव्या पट्ट्यांची चित्रं चिकटवली. नवा पैलवान, जुनी हाडं. हे पाहिलं की ‘आठवणींसाठी खेळतात’ हे उत्तर आणखीच पोकळ वाटतं.

जुन्या खेळांची बाजू घेताना त्यांचं लाजिरवाणंही झाकू नये. ‘स्मॅकडाउन पेन’मध्ये बायकांच्या वाट्याला आलेला एक सामना असा आहे की ज्यात प्रतिस्पर्धी स्त्रीचे कपडे उतरवले की जिंकलं. चौदा वर्षांच्या पोरांनी भरलेल्या दुकानात तो लावला जायचा तेव्हा काय वातावरण व्हायचं, हे या पुस्तकातल्या एका लेखात स्पष्ट आलं आहे, आणि ते गाळू नये असा माझा आग्रह होता. नव्या खेळांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने मुख्य लढत लढतात. तेवढ्यापुरतं तरी नवं निःसंशय चांगलं आहे.

यातला सर्वांत अवघड भाग मृतांचा. रोड वॉरियर हॉक १९ ऑक्टोबर २००३ला गेला. तो ज्यात आहे तो ‘पेन’ त्यानंतर काही दिवसांनी दुकानांत आला. एडी गरेरो नोव्हेंबर २००५मध्ये गेला, अडतीस वर्षांचा. जून २००७मध्ये क्रिस बेन्वाने पत्नीचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून करून आत्महत्या केली. त्यानंतर कंपनीने आपल्या कार्यक्रमांतून त्याचं नाव पुसलं आणि पुढच्या खेळांत तो कधीच आला नाही. जुन्या तबकडीवर मात्र तो आहे, एडीबरोबर, निवडीच्या यादीत. कंपनीला ती तबकडी परत बोलावता येत नाही.

खेळणाऱ्यांनी यावर आपापले निर्णय घेतले आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी यादीत त्याच्यावरून नुसता पुढे सरकतो. ईडब्ल्यूआरच्या याद्या करणाऱ्यांपैकी काहींनी त्याला काढलं. काहींनी २००१ची यादी २००१सारखीच हवी म्हणून ठेवलं. या पुस्तकातही दोन लेखक यावर एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत. मी त्यांच्यात तडजोड घडवली नाही. इतकंच म्हणतो, की हा निर्णय घ्यायचा अधिकार खेळणाऱ्याकडे आहे, तो जुन्या खेळामुळे. नव्या खेळाची यादी कंपनीकडून उतरते आणि कंपनीच्या मर्जीने बदलते. खेळाला दोनेक वर्षं झाली की त्याचा सर्व्हर बंद होतो. मग लोकांनी घडवून एकमेकांना दिलेले पैलवान उतरवून घेता येत नाहीत. आठ एमबीच्या मेमरी कार्डावर ठेवलेला आमच्या गल्लीतला पैलवान अजून जिवंत आहे. त्याला संपवायला कार्डच मोडावं लागेल.

कायद्याचा मुद्दाही सांगून टाकतो, कारण तो आक्षेप या पुस्तकावर घेतला जाणार आहे. टीएचक्यूने डिसेंबर २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कुस्तीचा परवाना २०१३मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला. सोनीने प्लेस्टेशन टूचं उत्पादन त्याच सुमारास थांबवलं. ‘पेन’मधल्या प्रत्येक नावाचा, चेहऱ्याचा, गाण्याचा करार वेगळा; ते सगळे पुन्हा करून खेळ विकायला काढणं कोणाला परवडेल असं दिसत नाही. तेव्हा आज तो हवा असेल तर जुनी तबकडी शोधा किंवा आडवाटेने मिळवा. आमच्या दुकानातल्या सीड्या चोरीच्याच होत्या, यात लपवण्यासारखं काही नाही. त्या चोरीचं मी समर्थन करत नाही. पण मालकाने जे जपलं नाही ते जपलं गेलं, ते बरंचसं अशा हातांनी. हे नोंदवल्याशिवाय हा इतिहास लिहिता येत नाही.

वाचकासाठी दोन सूचना. प्रकरणं सालवार लावलेली नाहीत. ट्रम्प कार्डांनंतर एकदम ईडब्ल्यूआर येतं आणि हातघाईचे खेळ त्यामागून, कारण विचाराची वाट तशी गेली. पैलवानांची नावं आमच्याकडे बोलली जायची तशी लिहिली आहेत, तेव्हा ‘रे मिस्टेरियो’ वाचून कोणी स्पॅनिश उच्चार शिकवायला येऊ नये. शेवटी परिशिष्ट म्हणून मूळ वहीची अकरा पानं छापली आहेत. त्यात एका आठवड्यात शेवटच्या लढतीचा निकाल तीनदा खोडून बदललेला दिसेल. ती छापखान्याची चूक नाही.